विश्लेषण : सॉफ्टवेअर ‘अपडेट’ झाले, पण बदलले काय? चेंजलॉगची एकच पद्धत का हवी?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत पाणीपुरवठा बंद राहणार असेल, तर त्याची सूचना आधी येते. कोणत्या भागात, कोणत्या दिवशी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत आणि त्यानंतर पाणी कमी दाबाने येणार का, एवढी माहिती त्यात असते. ‘जलवाहिनीत काही सुधारणा करण्यात आल्या आहेत’ एवढीच एक ओळ एमआयडीसीने किंवा जीवन प्राधिकरणाने काढली, तर दुसऱ्या दिवशी कार्यालयात हंडा मोर्चा जाईल.

याच शहरांतील कारखाने, गोदामे आणि दुकाने ज्या सॉफ्टवेअरवर बिले करतात, त्यात मात्र नेमके असेच घडते. रात्री ‘अपडेट’ होते, सकाळी एखादे बटण गायब असते किंवा कराचा आकडा वेगळा येतो आणि काय बदलले हे कोणालाच सांगता येत नाही. मोबाइलमधील ॲपच्या अपडेटखाली ‘काही दोष दूर केले, कार्यक्षमता सुधारली’ अशी ओळ वाचून पुढे जाण्याची सवय सर्वांनाच लागली आहे. फोनवर ते चालून जाते. हिशेबाच्या, साठ्याच्या आणि करांच्या यंत्रणेत ते चालवून घेणे महागात पडते.

यावर उपाय जुना आहे, फुकट आहे आणि जगभर वापरात आहे. त्याचे नाव चेंजलॉग. प्रश्न आहे तो सर्वांनी तो एकाच पद्धतीने लिहिण्याचा.

चेंजलॉग म्हणजे काय?

सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीत वापरणाऱ्याच्या दृष्टीने काय बदलले, याची तारीखवार नोंद म्हणजे चेंजलॉग. ती एक साधी मजकूर फाइल असते आणि सॉफ्टवेअरच्या कोडसोबतच ठेवली जाते.

ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता, वापरता आणि परवान्याच्या अटींनुसार बदलता येतो, ते ओपन सोर्स सॉफ्टवेअर. मॉड्यूल म्हणजे त्यातील एक सुटा भाग. कोणी तारखा मोजणारे मॉड्यूल लिहितो, कोणी पीडीएफ बनवणारे, कोणी कर काढणारे. दुसरा डेव्हलपर ते तयार भाग जोडून आपले ॲप उभे करतो. त्यामुळे बदलापूरमधील चार जणांच्या फर्मने बनवलेल्या बिलिंग ॲपमध्येही शेकडो अनोळखी लोकांनी लिहिलेली मॉड्यूल असू शकतात.

हे अवलंबित्व किती खोल असते, ते मार्च २०१६ मध्ये जगाला दिसले. ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे जेमतेम ११ ओळींचे मॉड्यूल त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक कोठारातून काढून घेतले. मजकुराच्या डाव्या बाजूला मोकळी जागा किंवा शून्ये भरणे, एवढेच त्याचे काम. पण ते ज्या मॉड्यूलमध्ये वापरले होते, ती पुढे हजारो प्रकल्पांत वापरली जात होती. काही तास जगभरातील डेव्हलपरांची कामे अडकली.

मॉड्यूल नाहीसे झाले, तर निदान लगेच कळते. ते हळूच बदलले, तर कळायला महिने जातात. म्हणून बदलांची नोंद महत्त्वाची.

या तीन शहरांचा याच्याशी काय संबंध?

उल्हासनगरची ओळख जीन्स, कापड आणि फर्निचरच्या बाजारपेठेची आहे. अंबरनाथ आणि बदलापूरमध्ये एमआयडीसीच्या वसाहतींत रसायन, औषध आणि अभियांत्रिकीचे लघुउद्योग आहेत. यांतील अनेकांचा कारभार गेल्या काही वर्षांत वहीतून संगणकात आला, तो हौसेने आला असे म्हणता येणार नाही. जीएसटीने तो आणला.

ई-इन्व्हॉइसचेच पाहा. १ ऑक्टोबर २०२० रोजी ही सक्ती ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या व्यवसायांपुरती होती. ती मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली. १ ऑक्टोबर २०२२ पासून १० कोटी आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी. म्हणजे तीन वर्षांत ही सक्ती मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयातून अंबरनाथच्या आनंदनगरमधील शेडपर्यंत पोहोचली. प्रत्येक टप्प्यावर सॉफ्टवेअर बदलावे लागले.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. ३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेच्या ५६ व्या बैठकीत दरबदल ठरले आणि २२ सप्टेंबरपासून ते लागू झाले. तयार कपड्यांना आधी प्रति नग १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता. नव्या रचनेत २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला. दर बदलला, दराची सीमाही बदलली आणि तयारीला तीन आठवडेही मिळाले नाहीत.

आता समजा, उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्याने १,२०० रुपये दराने ५०० जीन्सचे बिल केले. जुन्या दराने प्रत्येक नगावर १४४ रुपये कर, नव्या दराने ६० रुपये. सॉफ्टवेअरमध्ये जुनाच तक्ता राहिला असेल, तर एका बिलात ४२,००० रुपयांचा फरक पडतो. घेणारा व्यापारी बिल परत पाठवतो, क्रेडिट नोट काढावी लागते, विवरणपत्र जुळत नाही. अशा वेळी अकाउंटंटला एकच गोष्ट हवी असते. आपल्याकडे असलेल्या आवृत्तीत हा बदल आला आहे की नाही, हे सांगणारी एक ओळ.

ईआरपीनेक्स्टचे उदाहरण काय सांगते?

या विषयातील सर्वांत जवळचे उदाहरण मुंबईतीलच आहे. ईआरपीनेक्स्ट हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीने विकसित केले आहे. कंपनीचे संस्थापक ऋषभ मेहता यांनी कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायातील गरजेतून या कामाला हात घातला. खरेदी, विक्री, साठा, उत्पादन आणि हिशेब एकाच ठिकाणी सांभाळणारे हे सॉफ्टवेअर आज जगभर वापरले जाते. त्याचा कोड जीपीएल परवान्याखाली खुला आहे, त्यामुळे लघुउद्योगही परवाना शुल्काशिवाय ते चालवू शकतात.

२०२२ मध्ये त्याची १४ वी आवृत्ती आली. तिच्यात मोठी फेररचना होती. मनुष्यबळ आणि पगाराचा भाग मुख्य सॉफ्टवेअरमधून काढून वेगळ्या ॲपमध्ये नेण्यात आला. भारतातील जीएसटीशी संबंधित सोयीही ‘इंडिया कंप्लायन्स’ या स्वतंत्र ॲपमध्ये गेल्या. ते ॲप रेझिलियंट टेक या कंपनीने विकसित केले आहे आणि तेही ओपन सोर्स आहे.

तांत्रिकदृष्ट्या हा निर्णय योग्य होता. भारताचे कर नियम सतत बदलतात, म्हणून तो भाग स्वतंत्रपणे अद्ययावत करता येणे सोयीचे. फ्रॅपेने स्थलांतराची मार्गदर्शिकाही दिली होती. पण ज्याने ती न वाचता १३ वरून १४ वर उडी मारली आणि वेगळे ॲप बसवले नाही, त्याच्याकडे जीएसटीच्या सोयी राहणार नव्हत्या. ‘काढले’ या सदरातील एक ओळ वाचली की नाही, यावर महिनाअखेरचे विवरणपत्र अवलंबून होते.

फ्रॅपेच्या कामातून शिकण्यासारखे बरेच आहे. तिथे प्रत्येक बदलाचे शीर्षक ठरावीक शब्दाने सुरू करण्याची शिस्त आहे. दुरुस्ती असेल तर ‘फिक्स’, नवी सोय असेल तर ‘फीट’. त्यावरून यंत्रच प्रत्येक रिलीजची टिपणे तयार करते. आवृत्ती बदलल्यावर लॉगिन करताच नवे काय आले हे सांगणारी चौकट दाखवण्याची सोयही फ्रॅपेच्या चौकटीत आहे.

अडचण त्याच्या पुढे सुरू होते. व्यवसाय क्वचितच मूळ सॉफ्टवेअर जसेच्या तसे वापरतो. त्यावर स्थानिक सेवा पुरवठादार स्वतःचे मॉड्यूल चढवतो. चलनाचा वेगळा छापील नमुना, जॉबवर्कची नोंद, वजनकाट्याशी जोडणी असे काही. या स्थानिक मॉड्यूलना चेंजलॉग बहुधा नसतोच. असला तरी तो एकाच्या व्हॉट्सॲपवर, दुसऱ्याच्या एक्सेलमध्ये आणि तिसऱ्याच्या डोक्यात असतो. तो माणूस नोकरी सोडून गेला की नोंदही गेली.

कमिटची यादी असताना वेगळी नोंद कशाला?

हा डेव्हलपर मंडळींचा नेहमीचा प्रश्न. गिट या प्रणालीत कोडमधील प्रत्येक बदल म्हणजे एक कमिट, आणि प्रत्येक कमिट आपोआप नोंदला जातो. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली हे सर्व त्यात असते. मग चेंजलॉग हा दुप्पट उद्योग वाटतो.

फरक वाचणाऱ्यात आहे. कमिटची यादी कोड लिहिणाऱ्यासाठी असते, चेंजलॉग वापरणाऱ्यासाठी. एका आवृत्तीत २०० कमिट असू शकतात. त्यातले १८० शुद्धलेखन, चाचण्या आणि अंतर्गत साफसफाईचे. उरलेल्या २० पैकी दोन बदलांमुळे अकाउंटंटचे काम बदलणार असते. त्या दोन ओळी २०० मधून शोधून काढण्याचे काम ज्याने बदल केला त्याने एकदा करायचे, की वापरणाऱ्या हजार जणांनी हजार वेळा करायचे? हिशेब सरळ आहे.

किराणा दुकानाची कच्ची वही आणि महिन्याचा गोषवारा यांत जेवढा फरक, तेवढाच इथे आहे. कच्ची वही लागतेच. पण बँकेत कोणी ती नेत नाही.

शिफारस कोणत्या पद्धतीची?

नवी पद्धत शोधण्याची गरज नाही. ऑलिव्हिए लाकाँ या डेव्हलपरने २०१४ मध्ये ‘कीप अ चेंजलॉग’ नावाचा संकेत मांडला आणि तो अनेक ओपन सोर्स प्रकल्पांनी स्वीकारला. नवी आवृत्ती सर्वांत वर, प्रत्येक आवृत्तीपुढे तारीख, आणि बदलांची सहा सदरे, असा त्याचा सांगाडा. ती सहा सदरे मराठीत अशी मांडता येतील.

- नवे : आधी नसलेली सोय.
- बदलले : असलेली सोय वेगळ्या रीतीने चालू लागली.
- लवकरच बंद : आज चालते, पण पुढे काढले जाणार आहे.
- काढले : आता उपलब्ध नाही.
- दुरुस्त : चूक होती, ती सुधारली.
- सुरक्षा : त्रुटी बुजवली, अपडेट टाळू नये.

यात सर्वांत मोलाचे सदर ‘लवकरच बंद’ हे आहे. पाणी बंद होण्याची सूचना आदल्या दिवशी आली तर पिंप भरून ठेवता येते. नळ कोरडा पडल्यावर आलेल्या सूचनेचा उपयोग नाही.

तारखेबाबतही या संकेताचा आग्रह रास्त आहे. ०३/०४/२०२५ ही तारीख भारतात ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च. सॉफ्टवेअरचे लेखक जगभर पसरलेले असल्याने वर्ष, महिना, दिवस असा २०२५-०४-०३ हा आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रम वापरायचा. त्यात घोटाळा होत नाही.

या सहा सदरांना लघुउद्योगांसाठी एक जोड द्यावी. तिचे नाव काय करावे. बदल वाचून झाल्यावर वापरणाऱ्याने कोणते बटण दाबायचे, कोणती सेटिंग तपासायची, कोणते ॲप बसवायचे, हे त्यात एका वाक्यात यावे. काहीच करायचे नसेल, तर ‘काही करण्याची गरज नाही’ असे लिहावे. तेही वाचणाऱ्याच्या जिवाला स्वस्थता देणारे असते.

प्रत्यक्षात तो कसा दिसेल?

कपड्यांवरील कर काढणाऱ्या एका काल्पनिक मॉड्यूलचा हा नमुना.

> आवृत्ती ३.४.० : २०२५-०९-२०
> नवे : दराला ‘लागू तारीख’ देण्याची सोय.
> बदलले : २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या बिलांना प्रति नग २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८ टक्के.
> लवकरच बंद : १,००० रुपयांची एकच सीमा ठरवणारी जुनी सेटिंग. आवृत्ती ४.०.० मध्ये काढली जाईल.
> दुरुस्त : २२ सप्टेंबरपूर्वीच्या बिलावरील क्रेडिट नोटला त्या बिलाचाच दर लागेल.
> काय करावे : स्वतः दर बदलला असल्यास तो काढून टाका, एक चाचणी बिल करून पाहा.

वाचायला एक मिनिट पुरते. लिहायला फार तर अर्धा तास. पण २२ तारखेच्या सकाळी दुकान उघडताना होणारी फोनाफोनी यामुळे टळते. शिवाय सहा महिन्यांनी एखाद्या बिलावर वाद झाला, तर त्या दिवशी सॉफ्टवेअर कोणत्या नियमाने कर काढत होते, याचा लेखी आधार हाताशी असतो.

आवृत्तीचा आकडा पुरेसा नाही का?

३.४.० यासारख्या आकड्यांमागेही एक संकेत आहे. गिटहबच्या संस्थापकांपैकी टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी तो मांडला. त्याला सिमँटिक व्हर्जनिंग म्हणतात. पहिला आकडा बदलला तर जुन्याशी न जुळणारा बदल, दुसरा बदलला तर जुने न मोडता नवी सोय, तिसरा बदलला तर केवळ दुरुस्ती.

हा संकेत उपयुक्त आहे, पण तो डेव्हलपरच्या नजरेतून मोठे-लहान ठरवतो. कराचा दर १२ वरून ५ टक्के करणे हा कोडमधील एका आकड्याचा बदल. जुन्या प्रोग्रामला त्याने धक्का लागत नाही, म्हणून आवृत्तीचा शेवटचा आकडा बदलला तरी नियम पाळला गेला असेच म्हणावे लागेल. व्यापाऱ्यासाठी मात्र वर्षातला सर्वांत मोठा बदल तोच. आकडा किती बदलले याचा अंदाज देतो, काय बदलले हे शब्दांतच सांगावे लागते.

सुरक्षेचा प्रश्न येतो तेव्हा?

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावामधील अत्यंत लोकप्रिय मॉड्यूलमध्ये गंभीर त्रुटी सापडली. धोक्याच्या मापनात तिला १० पैकी १० गुण मिळाले. अपाची फाउंडेशनच्या स्वयंसेवकांनी तातडीने २.१५.० ही आवृत्ती काढली. पण त्या दुरुस्तीत त्रुटी राहिली होती. मग २.१६.०, नंतर २.१७.० आणि महिनाअखेर २.१७.१ अशा आवृत्त्या आल्या.

त्या तीन आठवड्यांत ‘आम्ही अपडेट केले आहे’ या वाक्याला काहीच अर्थ उरला नव्हता. कोणत्या आवृत्तीपर्यंत अपडेट केले आणि त्या आवृत्तीने कोणते छिद्र बुजवले, हा प्रश्न होता. ज्यांनी प्रत्येक आवृत्तीची नोंद वाचली, ते थांबले नाहीत. ज्यांनी पहिल्या अपडेटनंतर सुटकेचा निःश्वास टाकला, ते धोक्यातच राहिले.

देशाच्या सायबर सुरक्षेची जबाबदारी असलेल्या सर्ट-इन या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांच्या यादीबाबत, म्हणजे एसबीओएमबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. औषधाच्या वेष्टनावर घटक छापतात, तशी ही सॉफ्टवेअरमधील मॉड्यूलची यादी. ती आवश्यक आहेच. पण यादी सांगते की आत काय आहे. कालच्यापेक्षा आज काय वेगळे आहे, हे चेंजलॉग सांगतो. एकावाचून दुसरे अपुरे.

हिशेबाला नियम, मग सॉफ्टवेअरला का नाही?

इथे एक विसंगती ठळकपणे दिसते. कंपनी कायद्याच्या लेखा नियमांनुसार १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑडिट ट्रेल’ असणे बंधनकारक आहे. नोंदीत झालेला प्रत्येक बदल तारखेसह टिपला गेला पाहिजे आणि ही सोय बंद करता येता कामा नये. लेखापरीक्षकाला त्यावर अहवालात भाष्य करावे लागते. हा नियम कंपन्यांना आहे. प्रोप्रायटरी किंवा भागीदारी पेढ्यांना तो लागू नाही.

म्हणजे अंबरनाथच्या एखाद्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या अकाउंटंटने बिलातील १०० रुपयांचे ११० केले, तर त्याची नोंद राहते. पण ज्या मॉड्यूलने ते बिल केले, त्याचे गणित करण्याची रीतच रात्रीतून बदलली, तर त्याची नोंद ठेवण्याचे बंधन कोणावर नाही.

औषध उद्योगाने हा प्रश्न केव्हाच ओळखला आहे. उत्पादनाची कृती, यंत्र किंवा संगणक प्रणाली यांतला कोणताही बदल लेखी प्रस्ताव, तपासणी आणि मंजुरीशिवाय करायचा नाही, याला तिथे ‘चेंज कंट्रोल’ म्हणतात. औषधनिर्मितीच्या दर्जाचे नियम सांगणाऱ्या शेड्यूल एममध्ये त्याला स्थान आहे. अंबरनाथच्या औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात बसणाऱ्या कोणालाही ही कल्पना नवी नाही. तीच शिस्त शेजारच्या खोलीतील संगणकाला लावायची, एवढाच मुद्दा आहे.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप वेळेचा. ओपन सोर्स मॉड्यूल लिहिणारे बहुसंख्य लोक नोकरी सांभाळून, मोबदल्याशिवाय हे काम करतात. त्यांच्यावर आणखी कागदपत्रांचे ओझे का? हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. म्हणूनच पद्धत साधी हवी आणि बदल करतानाच एक ओळ लिहिण्याची सवय हवी. ‘अप्रकाशित’ असे एक सदर फाइलच्या सर्वांत वर ठेवायचे, काम होईल तशी त्यात भर घालायची आणि आवृत्ती काढताना त्यावर आकडा व तारीख टाकायची. वर्षभराचे एकदम आठवून लिहिण्यापेक्षा हे हलके जाते. चेंजलॉग नीट असला की ‘हे का बदलले’ असे विचारणारे संदेशही कमी येतात.

दुसरा आक्षेप म्हणजे यंत्र हे काम करते, माणूस कशाला हवा? कमिटच्या शीर्षकांवरून टिपणे बनवणारी साधने आहेत, ती वापरावीतही. पण यंत्र शीर्षक उचलते, परिणाम सांगत नाही. ‘गोलाकाराची पद्धत बदलली’ हे यंत्र लिहील. ‘बिलाच्या एकूण रकमेत एक रुपयाचा फरक पडू शकतो’ हे माणसालाच लिहावे लागेल. पहिला खर्डा यंत्राचा आणि शेवटचा हात माणसाचा, ही विभागणी योग्य.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. चेंजलॉग खोटा असेल तर? मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या लिनक्समधील मॉड्यूलच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातल्याचे उघड झाले. ती घालणाऱ्याने दोनेक वर्षे प्रामाणिक सहभागाचे नाटक करून विश्वास मिळवला होता. अशा माणसाने चेंजलॉगमध्ये खरे लिहिले नसते. चेंजलॉग हे कुलूप नाही, हे मान्यच केले पाहिजे. तो पावतीसारखा आहे. पावतीने चोरी थांबत नाही, पण पावतीच नसेल तर फरक कळणार कशावरून?

चौथा आक्षेप विविधतेचा. प्रत्येक प्रकल्प वेगळा, मग एकच साचा का? याचे उत्तर डेबियन या लिनक्सच्या जुन्या प्रकल्पात आहे. तिथे प्रत्येक पॅकेजसोबत ठरलेल्या नमुन्यातील चेंजलॉग असावाच लागतो. त्यात आवृत्ती, निकड, तारीख आणि जबाबदार व्यक्तीचे नाव येते. त्याशिवाय पॅकेज तयारच होत नाही. हजारो पॅकेज, शेकडो स्वयंसेवक आणि तरीही नमुना एकच. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणालीही डेबियनवरच उभी आहे. त्यामुळे एक साचा सर्वांना जमत नाही, हे म्हणणे टिकत नाही.

सुरुवात कोणी करायची?

कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. चार ठिकाणी हे लगेच होऊ शकते.

सेवा पुरवठादार. ग्राहकाच्या यंत्रणेत बदल करण्याआधी सात सदरांची नोंद मूळ फाइलमध्ये ठेवावी आणि त्यातील ‘बदलले’, ‘काढले’ व ‘काय करावे’ या ओळी मराठीत किंवा हिंदीत व्हॉट्सॲपवर पाठवाव्यात. इंग्रजी फाइल डेव्हलपर वाचेल, बिल करणारा वाचेलच असे नाही. आणि चुकीच्या बिलाचा पहिला फोन त्यालाच येतो.

उद्योजक. वार्षिक देखभालीच्या करारात एक अट घालावी. चेंजलॉगशिवाय अपडेट नाही, आणि महिन्याच्या विवरणपत्राच्या आदल्या दिवशी सुरक्षेचे कारण वगळता कोणतेच अपडेट नाही. अटीला पैसे पडत नाहीत.

कॉलेजे. आयटी, संगणकशास्त्र आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी शेवटच्या वर्षी प्रकल्प करतात. त्यांच्या अहवालाची जाडी तपासली जाते. चेंजलॉगला पाच गुण ठेवले, तर ही सवय नोकरीआधीच लागेल. ओपन सोर्स प्रकल्पात पहिले योगदान म्हणूनही हे उत्तम काम आहे. एखाद्या उपयुक्त मॉड्यूलचे जुने रिलीज वाचून त्याचा चेंजलॉग लिहून देणाऱ्या विद्यार्थ्याला कोणताही मेंटेनर नाही म्हणणार नाही.

पालिका. केंद्र सरकारने २०१५ मध्येच सरकारी यंत्रणांत ओपन सोर्स सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा यांना सॉफ्टवेअरच्या निविदेत ‘प्रत्येक आवृत्तीसोबत ठरावीक नमुन्यातील चेंजलॉग’ ही अट घालता येईल. मालमत्ता कराचे बिल का वाढले, याचे उत्तर ‘सिस्टीमने काढले’ असे मिळणे नागरिकांना परवडणारे नाही. सिस्टीमचा नियम कधी आणि कोणत्या निर्णयाने बदलला, हे दाखवता आले पाहिजे.

ओपन सोर्सची ताकद कोड खुला असण्यात आहे, असे म्हटले जाते. ते खरे आहे, पण कोड वाचू शकणारे थोडे आणि त्यावर रोजीरोटी चालवणारे लाखो आहेत. त्या लाखोंसाठी चेंजलॉग हाच सॉफ्टवेअरचा खुला भाग. पुढच्या वेळी सेवा पुरवठादाराचा ‘अपडेट टाकतोय’ असा फोन आला, की ‘काय बदलतंय ते आधी लिहून पाठवा’ एवढेच उत्तर द्यायचे. उत्तर आले तर वाचायचे. आले नाही, तर अपडेट थांबवून ठेवायचे.